महायुद्धोत्तर लष्करी मालवाहू ट्रकांची अचूक किट कशी निवडावीत?

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी,

मी पुलगावजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. पुठ्ठ्याच्या आणि लाकडाच्या प्रतिकृती मी बरीच वर्षे करत आलो आहे. प्लास्टिकच्या किटकडे मात्र आता प्रथमच वळतो आहे. आमच्या भागात लष्कराचे दारूगोळ्याचे मोठे भांडार असल्यामुळे लष्करी ट्रकांची ये-जा लहानपणापासून पाहिलेली आहे, आणि रणगाडे किंवा विमाने यांच्यापेक्षा निमूटपणे माल वाहणारे हे ट्रकच मला अधिक आवडतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील काचेच्या कपाटात तीन ट्रक शेजारी-शेजारी ठेवावेत, असा मानस आहे: एक अमेरिकी अडीच टनी, एक सोव्हिएत आणि एक आपला शक्तिमान. तिन्ही एकाच प्रमाणातील असावेत, म्हणजे मुलांना त्यांचा आकार, चाकांची मांडणी आणि हौद्याची उंची प्रत्यक्ष ताडून पाहता येईल.

अडचण अशी आहे, की पेटी उघडून भाग हातात घेऊन पाहता येतील असे दुकान आमच्या आसपास नाही. जे काही ठरवायचे ते संगणकाच्या पडद्यावर पेटीवरचे चित्र आणि सुट्या भागांच्या चौकटींची छायाचित्रे पाहूनच ठरवावे लागते. एकट्या अमेरिकी ट्रकाच्या बाबतीत एम-३४, एम-३५, एम-३५ए१, एम-३५ए२ अशी नावे समोर येतात आणि पेटीवरचे चित्र बहुतेक सारखेच दिसते. एकेका किटची किंमत आणि त्यावरचे सीमाशुल्क लक्षात घेता, आणलेले किट मूळ ट्रकाशी न जुळणारे निघाले तर दुसरे घेणे मला शक्य होणार नाही. तेव्हा घरबसल्या किटची अचूकता कशी तपासावी, १/३५ प्रमाण घ्यावे की १/७२, आणि शक्तिमानचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

कमानपाटा

गुरुजी, नमस्कार. माझी सारी नोकरी एस.टी.च्या कार्यशाळेत झाली आणि निवृत्तीनंतर ट्रकांच्या प्रतिकृती करण्यातच माझा बहुतेक वेळ जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कोणते किट अचूक, हे विचारण्याआधी आपल्याला नेमका कोणत्या काळातला, कोणत्या इंजिनाचा आणि कोणत्या टायरांचा ट्रक हवा आहे हे ठरवावे लागते. लष्करी ट्रक पंचवीस-तीस वर्षे, काही वेळा त्याहूनही अधिक काळ सेवेत राहतो. तेवढ्या काळात त्याचे इंजिन बदलते, टायर बदलतात, सायलेन्सरची जागा बदलते. नाव मात्र तेच राहते आणि फार तर त्याच्या शेवटी एखादे अक्षर जोडले जाते. किट बनवणारी कंपनी यांतील एकाच टप्प्यावरचा ट्रक साच्यात उतरवते. तो टप्पा कोणता हे ओळखता आले, की निवड पुष्कळ सोपी होते.

अमेरिकी अडीच टनी ट्रकच घ्या. रिओ कंपनीने १९५० च्या सुमारास तयार केलेल्या या घराण्यात तिन्ही धुऱ्यांना इंजिनाचा जोर मिळतो. त्यातील एम-३४ ला मागच्या दोन्ही धुऱ्यांवर एकेरी, रुंद, ११.००-२० मापाचे टायर होते आणि ती चाके सामावून घेण्यासाठी हौद्याच्या तळात उंचवटे काढलेले होते. एम-३५ ला मागे ९.००-२० मापाचे जोडटायर आले आणि हौद्याचा तळ सपाट झाला. म्हणजे मागची चाके आणि हौद्याचा तळ यांची सांगड बसते की नाही, एवढे पाहिले तरी ट्रक कोणता हे कळते. पुढे पेट्रोल इंजिनाच्या जागी बहुइंधनी इंजिने आली: एम-३५ए१ ला एलडीएस-४२७ आणि एम-३५ए२ ला टर्बो असलेले एलडीटी-४६५. ही इंजिने आल्यावर उजव्या मडगार्डवर एअर क्लीनरचा गोल डबा दिसू लागला आणि केबिनच्या उजव्या अंगाला उभे धुराडे आले. जुन्या पेट्रोल ट्रकाला या दोन्ही गोष्टी नाहीत. तेव्हा पेटीवर १९५० च्या दशकातील तुकडीच्या खुणा छापल्या असतील आणि आतल्या चौकटीत उभे धुराडे दिसत असेल, तर ते किट त्या काळाचे नाही, असे खुशाल समजावे. याच ट्रकांची १९९० च्या दशकात पुनर्बांधणी झाली, त्यांना कॅटरपिलर इंजिन आणि मोठे एकेरी टायर बसवले गेले आणि तो एम-३५ए३ झाला. त्यामुळे मागची एकेरी चाके पाहून लगेच एम-३४ म्हणू नये. धुराडे आणि एअर क्लीनरही पाहावा.

आता मोजमापाकडे येतो. एम-३५ च्या पुढच्या धुऱ्यापासून मागच्या दोन धुऱ्यांच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर १५४ इंच, म्हणजे सुमारे ३,९१२ मिलिमीटर आहे. १/३५ प्रमाणात ते जवळजवळ ११२ मिलिमीटर भरले पाहिजे. मागच्या दोन धुऱ्यांमधले अंतर ४८ इंच आहे, ते ३५ मिलिमीटरच्या आसपास यावे. एकूण रुंदी ९६ इंच, म्हणजे किटमध्ये ७० मिलिमीटरला किंचित कमी. ही तीन मापे जुळली तर सांगाडा बरोबर आहे असे मानायला हरकत नाही.

किट हातात नसताना मोजायचे कसे, तर गुणोत्तराने. या ट्रकाच्या टायरचा व्यास साधारण ४० इंच आहे. १५४ ला ४० ने भागले की ३.८५ येते. सुट्या भागांच्या छायाचित्रात चॅसीची चौकट आणि टायर एकाच चित्रात, समोरून टिपलेले असतील, तर पडद्यावरच पट्टी लावून दोन्ही मोजावेत आणि भागाकार करावा. चित्र लहान छापलेले असो वा मोठे, भागाकारावर त्याचा परिणाम होत नाही. मूळ ट्रकाच्या छायाचित्रावरही हेच करता येते. फक्त ते छायाचित्र ट्रकाच्या बाजूने, काटकोनात आणि बरेच लांबून घेतलेले असावे, कारण जवळून घेतलेल्या छायाचित्रात जवळचे चाक विनाकारण मोठे दिसते आणि हिशेब फसतो.

१/३५ प्रमाणात एएफव्ही क्लब या तैवानी कंपनीची एम-३५ए१ आणि एम-३५ए२ ही दोन्ही किट आहेत. माल वाहणारा साधा ट्रक हवा असेल तर ए२ घ्यावा. व्हिएतनाममध्ये लष्करी तांड्यांवर हल्ले होऊ लागल्यावर, विशेषतः २ सप्टेंबर १९६७ रोजी आन खे जवळ झालेल्या हल्ल्यानंतर, अमेरिकी वाहतूक तुकड्यांनी काही ट्रकांना पोलादी पत्रे आणि मशीनगन बसवल्या, आणि त्या ट्रकांची किट बाजारात फार लोकप्रिय आहेत. ती वाईट नाहीत, पण तो मालवाहू ट्रक राहत नाही आणि आपल्या कपाटातील तुलनेला त्याचा उपयोग होणार नाही.

---

झाडीपट्टी

गुरुजी, काकांनी अमेरिकी ट्रकाबद्दल लिहिलेच आहे. मी सोव्हिएत ट्रकांपुरते लिहितो.

कपाटात एकच सोव्हिएत ट्रक ठेवायचा असेल तर माझ्या मते झिल-१३१ किंवा झिल-१५७ यांपैकी एक असावा. झिल-१५७ हा १९५८ पासून तयार होऊ लागला आणि त्याच्या आधीच्या झिल-१५१ पेक्षा तो का वेगळा, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे. झिल-१५१ ला मागे जोडटायर होते. पुढच्या एकेरी चाकाने चिखलात चाकोरी पाडली, की मागच्या जोडटायरांना त्या चाकोरीत मावता येत नसे. प्रत्येक धुऱ्याला नवा चिखल कापावा लागे आणि इंजिनाची ताकद त्यातच खर्ची पडे. झिल-१५७ ला तिन्ही धुऱ्यांवर सारख्याच रुंदीवर एकेरी चाके बसवली आणि चालकाला केबिनमध्ये बसल्या जागी टायरांतील हवा कमी-जास्त करता येईल अशी सोय केली. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीच्या चाकोरीतून ट्रॅक्टर काढणाऱ्या माणसाला यातले मर्म वेगळे सांगायला नको. किट निवडताना मात्र यातून एक ठोस कसोटी मिळते: पेटीवर झिल-१५७ असेल तर मागे जोडटायर असता कामा नयेत, आणि चाकाच्या मध्यातून वाल्व्हकडे जाणारी हवेची छोटी नळी डिस्कवर दिसली पाहिजे. ही नळी कोरलेली नसेल तर साचा घडवणाऱ्याने मूळ ट्रक नीट पाहिलेला नाही, असे मी धरतो.

झिल-१५७ चे १/३५ किट चीनच्या ट्रम्पेटर कंपनीचे आहे, आणि त्याच कंपनीने या ट्रकाची चिनी आवृत्ती जिएफांग सीए-३० हीसुद्धा काढलेली आहे. दोन्ही पेट्या एकमेकींशेजारी विकल्या जातात. मडगार्ड आणि बोनेट यांचे आकार दोहोंत वेगळे आहेत, तेव्हा मागणी नोंदवताना नाव दोनदा वाचावे.

झिल-१३१ मात्र आयसीएम या युक्रेनी कंपनीचा घ्यावा. तो ट्रम्पेटरच्या झिल-१५७ पेक्षा बऱ्याच नंतरचा साचा आहे, आणि इंजिन, चॅसी व धुरे यांचे भाग पुरेशा तपशिलाने दिलेले आहेत. मूळ ट्रकाचे पहिल्या व दुसऱ्या धुऱ्यातील अंतर ३,३५० मिलिमीटर आणि मागच्या दोन धुऱ्यांतील १,२५० मिलिमीटर आहे. १/३५ मध्ये ती अनुक्रमे ९५.७ आणि ३५.७ मिलिमीटर होतात. तुलनेसाठी झिल-१५७ ची हीच अंतरे ३,६६५ आणि १,१२० मिलिमीटर आहेत. म्हणजे १३१ चे पुढचे चाक मागच्या चाकांच्या अधिक जवळ आहे आणि मागची दोन चाके एकमेकांपासून अधिक लांब आहेत. ही ठेवण डोळ्यांत बसली, की चित्रावरूनही दोन्ही ट्रक वेगळे ओळखू येतात.

उरल ट्रकाच्या वाटेला जायचे असेल तर अधिक काळजी घ्यावी. उरल-३७५डी हा पेट्रोल इंजिनाचा, आणि १९७७ पासून आलेला उरल-४३२० हा कामाझच्या डिझेल इंजिनाचा. पण १९९३ च्या एप्रिलमध्ये नाबेरेझ्नीये चेल्नी येथील कामाझचा इंजिन कारखाना आगीत जळाला आणि उरल कारखान्याला यारोस्लाव्हल येथील इंजिनांकडे वळावे लागले. ती इंजिने बसवलेल्या ट्रकांचे नाक पुढे वाढलेले दिसते आणि उजव्या मडगार्डवर एअर क्लीनरचा मोठा गोल डबा असतो. नाव तरीही उरल-४३२० हेच राहिले! त्यामुळे १९८० च्या दशकातील अफगाणिस्तानातल्या तुकडीच्या खुणा आणि मडगार्डवर तो डबा, असे एकत्र दिसले तर ते चूक आहे. ट्रम्पेटर आणि झ्वेझ्दा या दोन्ही कंपन्यांचे उरल-४३२० मिळतात. घेण्याआधी नाकाची लांबी आणि उजवे मडगार्ड नक्की पाहावे.

प्रमाणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. १/७२ प्रमाणात आयसीएमचेच झिल-१३१, झिल-१५७, उरल-३७५डी आणि उरल-४३२० असे चारही ट्रक मिळतात, किंमत कमी पडते आणि जागाही कमी लागते. जिथे केवळ सोव्हिएत ट्रकांची मालिका करायची आहे तिथे १/७२ उत्तम. परंतु तुम्हाला एम-३५ आणि शक्तिमानही शेजारी ठेवायचे आहेत आणि मुलांनी चाके व कमानी जवळून पाहाव्यात अशी तुमची इच्छा आहे, म्हणून तुम्ही १/३५ घ्यावे. ६.७ मीटर लांबीचा एम-३५ हा १/७२ मध्ये जेमतेम ९३ मिलिमीटर होतो, १/३५ मध्ये तोच १९१ मिलिमीटर. कमानपाट्यांची संख्या मोजता यावी इतका आकार १/३५ मध्येच मिळतो.

एका बाबतीत मात्र काकांशी माझा थोडा मतभेद आहे. टायर चुकीचे निघाले तर रेझिनचे सुटे टायर विकत मिळतात. केबिन चुकीची निघाली तर ती दुरुस्त करणे फार कठीण जाते. म्हणून मी आधी केबिन पाहतो. पुढच्या काचेची उंची, टपाचा उतार, दाराच्या खालच्या कडेपासून पायफळीपर्यंतचे अंतर, आणि बोनेट समोरून किती निमुळते होते, या गोष्टी मूळ छायाचित्राशी ताडून पटल्या, तरच पुढे टायरांकडे वळतो.

---

कमानपाटा

झाडीपट्टी, तुमचे म्हणणे केबिनपुरते मला मान्य आहे. तरीही टायर आधी पाहावेत असा माझा आग्रह राहील, आणि त्याचे कारण मोजमापाशी निगडित आहे. टायरचा व्यास चुकला की ट्रकाची जमिनीपासूनची उंची चुकते, हौदा खाली बसतो किंवा वर उचलला जातो, आणि केबिन कितीही नेटकी असली तरी ट्रक उभा राहिल्यावर वेगळाच दिसतो. शिवाय काही ट्रकांच्या बाबतीत टायर हीच ट्रकाची ओळख असते. अमेरिकेच्या पाच टनी एम-९२३ ला मागे जोडटायर आहेत, तर एम-९२३ए१ ला तिन्ही धुऱ्यांवर मोठे एकेरी टायर. इटालेरीने १/३५ मध्ये दोन्ही काढले, पहिला ‘हिलबिली’ आणि दुसरा ‘बिग फूट’ या नावाने, आणि दोन्ही पेट्यांतील बराचसा भाग सामाईक आहे. टायर हातचे सोडले तर तिथे निवड करायलाच काही उरत नाही.

टायरांबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या भागातील मंडळींनी ध्यानात घ्यावी. पुष्कळ किटमध्ये टायर मऊ व्हिनाइलचे असतात. त्या व्हिनाइलमध्ये मऊपणासाठी जे द्रव्य मिसळलेले असते ते हळूहळू बाहेर पाझरते आणि टायरला टेकलेल्या प्लास्टिकच्या डिस्कला विरघळवू लागते. उष्णतेने हा प्रकार अधिक जलद होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. काचेचे कपाट खिडकीजवळ असेल तर विचारायलाच नको. व्हिनाइलच्या टायरच्या नक्षीच्या मधोमध साच्याची शिवण राहते आणि ती सँडपेपरने घासली तर सफाई येण्याऐवजी पृष्ठभाग खरबरीत होतो. म्हणून दोन किट इतर बाबतींत सारखीच असतील तर कडक प्लास्टिकचे टायर असलेले घ्यावे; तसे नसेल तर रेझिनचे टायर वेगळे मागवण्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा. अमेरिकी लष्करी टायरची नक्षी दोन्ही दिशांना सारखी, आडव्या ठोकळ्यांची असते. सोव्हिएत टायरची नक्षी बाणासारखी, एका दिशेला रोखलेली असते. सुटे टायर मागवताना माप जुळले आणि नक्षी दुसऱ्याच देशाची आली, असे होऊ देऊ नये.

मागणी शक्यतो दिवाळीनंतर नोंदवावी. चॅसीच्या लांब, बारीक पट्ट्या उन्हात तापलेल्या टेम्पोतून आल्या तर वाकण्याचा धोका असतो. पेटी आल्याबरोबर चॅसीच्या दोन्ही पट्ट्या आरशावर आडव्या ठेवून पाहाव्यात. खालून उजेड दिसला तर पट्टी वाकलेली आहे, आणि अशा चॅसीवर सहाही चाके जमिनीला टेकत नाहीत. परत करायची मुदत असते ती याच तपासणीसाठी.

---

वर्धाकाठ

काका, झाडीपट्टी, दोघांचेही मनापासून आभार. गुणोत्तराची रीत फारच उपयुक्त आहे. नववीच्या मुलांना गुणोत्तर-प्रमाण शिकवतानाही ती वापरता येईल. एम-३५ए२ आणि झिल-१३१ यांवर माझे मन आता स्थिरावत आहे.

दोन शंका उरतात. एक म्हणजे, एकच किट निरनिराळ्या कंपन्यांच्या पेटीत दिसते आणि पेटीवरची वर्षेही वेगळी असतात; मग साचा नवा की जुना हे कसे ओळखावे? दुसरी शंका शक्तिमानची. मोठ्या कंपन्यांच्या सूचींत मला तो कुठेही आढळला नाही.

---

झाडीपट्टी

साच्याच्या वयाबद्दल थोडक्यात. कंपन्या एकमेकींचे साचे वापरतात; उदाहरणार्थ, आयसीएमची कितीतरी किट रेव्हेलच्या पेटीतून विकली गेली आहेत. पेटीवरचे वर्ष हे त्या पेटीचे असते. साच्याचा उगम पाहायचा तर सुट्या भागांच्या चौकटीची मांडणी पाहावी: दोन पेट्यांतील चौकटींवर भाग त्याच जागी, त्याच क्रमाने असतील तर साचा एकच. अशा वेळी खुणांचे कागद ज्या पेटीत आपल्या काळाचे असतील ती पेटी घ्यावी. अमेरिकी ट्रकासाठी सोपा ठोकताळा असा, की व्हिएतनाम युद्धाच्या काळात ट्रक एकरंगी गडद हिरवट होते, १९७० च्या दशकात चार रंगांचे पट्टे आले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हिरवा, तपकिरी व काळा अशी तीन रंगांची योजना रूढ झाली.

---

मेळघाटवाट

शक्तिमानबद्दल मी लिहितो, कारण हा ट्रक मला फार जवळचा आहे.

शक्तिमान हा जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला तयार झाला. १९५९ साली पहिला ट्रक तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीतून बाहेर पडला, तेव्हा व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. पुढे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्याच व्हेइकल फॅक्टरीत त्याचे उत्पादन गेले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते चालू राहिले. त्यानंतर त्याची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियनने आणि टाटाच्या एलपीटीए ७१३ ने घेतली. नागपूरहून जबलपूर काही दूर नाही, आणि आपल्या मुलांनी या ट्रकाचा इतिहास जाणून घ्यावा असे मलाही फार वाटते.

तयार किट नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. म्हणून कुणी दुसराच गोल नाकाचा ट्रक घेऊन त्याला हिरवा रंग द्यायचा आणि त्याला शक्तिमान म्हणायचे, हा मार्ग कृपा करून टाळावा; मुले तोच आकार खरा धरून चालतील. पुठ्ठ्याच्या कामात तुमचा हात बसलेला आहे, तेव्हा शक्तिमान आधी १/३५ मध्ये पुठ्ठ्यात करून पाहावा आणि मग तेच तुकडे प्लास्टिकच्या पत्र्यात कापावेत. बोनेटची गोलाई एम-सीलसारख्या दोन भागांच्या पुट्टीने भरून घासून आणता येते. टायर, पाटे आणि स्टेपनी दुसऱ्या किटमधून किंवा रेझिनमध्ये घ्यावी लागतील.

संदर्भासाठी शक्तिमानच्या घराण्यातील थोरला भाऊ उपयोगी पडतो. पश्चिम जर्मनीच्या लष्करातील एमएएन ६३० या ट्रकाचे आराखडे आणि छायाचित्रे भरपूर उपलब्ध आहेत, आणि ऑस्ट्रियाच्या रोको कंपनीने तो १/८७ प्रमाणात काढलेला होता. त्यावरून केबिन आणि बोनेट यांचा तोंडवळा समजतो. पण ६३० चे दोन प्रकार आहेत: एल-२-ए ला मागे जोडटायर, आणि एल-२-एई ला एकेरी रुंद टायर. कोणते छायाचित्र कोणत्या प्रकाराचे हे वेगळे करून ठेवल्याशिवाय त्यावरून एकही माप घेऊ नये.

खरी मापे मात्र प्रत्यक्ष ट्रकावरूनच घ्यावीत. लष्कराने लिलावात काढलेले जुने ट्रक आपल्याकडे लाकूड, गिट्टी आणि पाणी वाहण्यासाठी वापरले गेले, आणि काही ट्रक अजूनही आरागिरणीच्या आवारात उभे दिसतात. परतवाड्याच्या बाजूला असाच एक ट्रक मालकाच्या परवानगीने मी टेपने मोजला आहे. दाराच्या कडेला पिवळ्या रंगाचे पोपडे उडालेले होते, त्याखाली निळा रंग आणि सगळ्यात खाली लष्करी हिरवा रंग स्पष्ट दिसत होता. दाराच्या बिजागरीत तर तो हिरवा रंग अगदी कोरा राहिला होता. हौदा मात्र मालकाने लोखंडी पत्र्याचा नवीन करून घेतलेला होता आणि फाळके मूळचे नव्हते. अशा ट्रकावरून चॅसी, धुऱ्यांतील अंतर, पाटे, मडगार्ड आणि केबिन यांची मापे घ्यावीत. हौद्याची मापे घेऊ नयेत, कारण खासगी मालकाकडे गेलेल्या ट्रकाचा हौदा हाच पहिल्यांदा बदलला जातो. हौदा, फाळके आणि ताडपत्रीच्या कमानी यांसाठी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची आणि जुन्या वृत्तपत्रांतील प्रसिद्ध छायाचित्रे वापरावीत.

गुरुजी, तुम्ही पुलगावजवळ राहता म्हणून एक सूचना आवर्जून करतो. भांडाराकडे जाणाऱ्या ट्रकांची छायाचित्रे काढण्याचा मोह होईल. ती काढू नयेत आणि विद्यार्थ्यांनाही काढू देऊ नयेत. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हा कायदा अशा ठिकाणी लागू होतो, आणि प्रतिकृतीसाठी म्हणून का होईना, लष्करी परिसरात कॅमेरा रोखणे योग्य नाही. सेवेतून काढलेला, खासगी मालकीचा ट्रक हाच आपल्यासाठी सुरक्षित आणि पुरेसा संदर्भ आहे.

---

वर्धाकाठ

सूचना पूर्णपणे मान्य आहे. तिकडे कॅमेरा नेण्याचा प्रश्नच येत नाही. निर्णय असा केला आहे, की दिवाळीनंतर एएफव्ही क्लबचा एम-३५ए२ आणि आयसीएमचा झिल-१३१ मागवायचा, आणि तोपर्यंत शक्तिमानचे पुठ्ठ्याचे आराखडे तयार करायचे. देवळी मार्गावर एका गिट्टीच्या खाणीजवळ असाच एक जुना ट्रक उभा आहे. मालक ओळखीचे आहेत, त्यांच्याशी बोलून मापे घेतो. मेळघाटवाट भाऊ, तुमच्या मापांचा कागद इथे देता आला तर दोन्ही ट्रकांची मापे एकमेकांशी ताडून पाहता येतील. मापे घेताना सुरुवात कुठून करावी?

---

मेळघाटवाट

गुरुजी, कागद नीट उतरवून या आठवड्यात इथे देतो. सुरुवात पुढच्या चाकाच्या मध्यापासून करावी आणि प्रत्येक माप त्याच बिंदूपासून घ्यावे: मागच्या चाकाचा मध्य, केबिनची मागची कड, दाराची पुढची कड, बंपरचे टोक. एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंत अशी तुकड्या-तुकड्याने मापे घेतली तर प्रत्येक वेळची थोडी चूक साठत जाते. उभी मापे चॅसीच्या वरच्या कडेपासून घ्यावीत, जमिनीपासून घेऊ नयेत, कारण उभ्या असलेल्या जुन्या ट्रकाच्या टायरांत हवा कमी असते आणि पाटेही बसलेले असतात. केबिनच्या आतली मापेही घ्यावीत. आपल्या शक्तिमानचे स्टिअरिंग उजवीकडे आहे, त्यामुळे जर्मन आराखड्यातील चालकाची जागा, पॅडल आणि डॅशबोर्ड तसेच्या तसे उतरवता येणार नाहीत. ते तुम्हाला त्या खाणीजवळच्या ट्रकातच पाहावे लागतील.